गांजाची नोंदवही

शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर वऱ्हाडात घरोघरी आहे आणि पुष्कळ तसबिरींत महाराजांच्या हातात चिलीम आहे. भक्तांना त्यात वावगं काही दिसत नाही. बाहेरगावचा, पहिल्यांदाच दर्शनाला आलेला माणूस मात्र क्षणभर घुटमळतो. हा घुटमळणारा माणूस दासगणू महाराजांनी आधीच हेरला असावा, कारण ‘श्रीगजाननविजय’च्या तिसऱ्या अध्यायात त्यांनी गांजाचा खुलासा करून टाकला आहे. काशीचा एक गोसावी शेगावला येतो. महाराजांना गांजा अर्पण करायचा असा त्याचा नवस असतो, पण चारचौघांत ते बोलायचा संकोच वाटतो. महाराज त्याच्या मनातलं ओळखतात, नवस फेडून घेतात आणि तेव्हापासून चिलमीत गांजा येतो. महाराज त्याचे व्यसनी मात्र नव्हते, असं पोथी बजावून सांगते. त्याच अध्यायात जानराव देशमुखांची गोष्ट आहे. वैद्यांनी हात टेकले, घरच्यांनी आशा सोडली, आणि महाराजांच्या पायांचं तीर्थ पाजल्यावर जानराव उठून बसले.

गांजा आणि असाध्य दुखणं असे एकाच अध्यायात शेजारी शेजारी आहेत, तरी पोथीने त्यांची गाठ घातलेली नाही. जानराव बरे झाले ते तीर्थाने. गांजाने दुखणं जातं असा दावा दासगणूंनी कुठे केलेला नाही. आज मात्र ‘गांजाच्या तेलाने छातीचा कॅन्सर विरघळतो’ असे निरोप मोबाइलवर फिरतात, आणि ते वाचणाऱ्या माणसाला हातात चिलीम घेतलेली महाराजांची मूर्ती आठवली तर नवल नाही. या दाव्याच्या मागे काय आहे ते पाहायचं, तर सव्वाशे-दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

महाराज शेगावात प्रकटले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी. देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना बंकटलाल अगरवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांनी त्यांना पाहिलं. त्या वेळचं शेगाव आजच्यासारखं तीर्थक्षेत्र नव्हतं. कापसाच्या मुलखातलं, रेल्वेच्या काठावरचं गाव होतं. भुसावळहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली होती. शेगावच्या शेजारच्या जलंबहून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा १८७० साली सुरू झाला होता, त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. ते ज्यात होतं तो खामगाव तालुका बुलढाण्याला जोडला गेला १९०५ साली. सगळा वऱ्हाडच कागदोपत्री निजामाचा आणि कारभारात इंग्रजांचा होता.

या वऱ्हाडात गांजा उघड विकला जाई. परवान्याचं दुकान, त्यावर कर, आणि दुकानापुढे बैरागी, गोसावी, हमाल, रात्रीचा पहारेकरी अशी नेहमीची गिऱ्हाइकं. सातपुडा ओलांडला की निमाडात खंडव्याचा गांजा नावाजलेला होता. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा लागवडीसाठी ओळखला जाई, आणि बंगालात राजशाहीतलं नौगाव. या सगळ्या ठिकाणी शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. झाडात नर आणि मादी वेगळे असतात. फुलोरा धरायच्या आत नराची झाडं ओळखून उपटून टाकली तर मादीच्या फुलांत बी धरत नाही आणि ती फुलं चिकट डिंकाने भरून येतात. नशा त्या डिंकात. नर ओळखण्याचं काम जाणत्या माणसाचं असे. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी ज्या द्रव्यांना कॅनाबिनॉइड म्हटलं ती सगळी याच डिंकातली.

सरकारला गांजातून महसूल मिळत होता, म्हणून सरकार सुखात होतं. सुख मोडलं लंडनमध्ये. विल्यम स्प्रोस्टन केन हे खासदार दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनी २ मार्च १८९३ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये हिंदुस्थानातल्या गांजाविषयी प्रश्न विचारला. गांजाने माणसं वेडी होतात, हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं त्यांनीच भरली आहेत, मग सरकार तो विकू कसा देतं, असा एकूण रोख होता. जुलैत हिंदुस्थान सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष पंजाबचे डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सभासदांत मुंबई इलाख्यातले ओमॅनी, मध्यप्रांतातले अँड्र्यू फ्रेझर (हेच पुढे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले आणि त्या प्रांताच्या फाळणीच्या काळात त्यांचं नाव गाजलं), कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले रसायनाचे प्राध्यापक वॉर्डन, आणि तीन हिंदी गृहस्थ: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, पंजाबचे कुंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद.

सात माणसांनी वर्षभरात केलेलं काम पाहिलं की आजच्या समित्यांविषयी वाईट वाटतं. ऑगस्ट १८९३ मध्ये कलकत्त्याला पहिली बैठक, ऑगस्ट १८९४ मध्ये अहवाल हातावेगळा. मधल्या काळात देशभर दौरे आणि १,१९३ साक्षीदार: कलेक्टर, डॉक्टर, वैद्य, मिशनरी, दुकानदार, लागवड करणारे. साक्षीदारांना छापील प्रश्नांची लांबलचक यादी दिली जाई. कोण ओढतं, किती ओढतं, धर्माशी त्याचा संबंध काय, गुन्हे होतात का, वैद्य औषधात वापरतात का, गुराढोरांना देतात का. उत्तरांत दमा, खोकला, अतिसार, मूळव्याध, हिवताप, मंदावलेली भूक, अशा दुखण्यांची रांग लागली. मुंबईचे जकात आणि अफू कलेक्टर जेम्स कॅम्बेल यांनी हिंदूंच्या धर्मजीवनात भांगेला असलेल्या जागेवर एक टिपण लिहून दिलं. मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर संपादणारे कॅम्बेल ते हेच. आपल्याकडच्या जुन्या गावांचा इतिहास शोधणाऱ्यांना हे नाव सोडून पुढे जाता येत नाही.

या अहवालातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेड्यांच्या इस्पितळांवरचं प्रकरण. इस्पितळांच्या वार्षिक आकड्यांत ‘गांजा’ हे वेडाचं मोठं कारण दिसत होतं आणि केनसाहेबांचा सगळा भरवसा त्याच आकड्यांवर होता. आयोगाने आकडे मान्य करण्याआधी ते कुठून येतात ते पाहायचं ठरवलं. १८९२ साली देशभरातल्या इस्पितळांत दाखल झालेल्या वेड्यांपैकी ज्यांच्या नावापुढे गांजा लिहिला होता, त्या प्रत्येकाचे कागद मागवले. माणूस कुठून आला, कुणी पाठवला, नातलग काय म्हणाले, आधी कधी असं झालं होतं का.

उलगडा झाला तो असा. वेडा माणूस बहुधा पोलीस घेऊन येत. सोबतच्या तक्त्यात ‘वेडाचं कारण’ असा रकाना असे आणि तो रिकामा ठेवलेला वरच्यांना चालत नसे. पोलीस शिपायाला माणसाची पूर्वपीठिका माहीत नाही, नातलग बरोबर नाहीत, वेडा स्वतः काय सांगणार? मग रकान्यात गांजा. इस्पितळाच्या कारकुनाने तोच शब्द रजिस्टरात उतरवला, सुपरिंटेंडंटने वार्षिक तक्त्यात बेरीज केली, तक्ता कलकत्त्याहून लंडनला गेला आणि पार्लमेंटात प्रश्न झाला. छाननीनंतर गांजाच्या नावावर मांडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रकरणं गळाली. उरलेल्यांतही बऱ्याच ठिकाणी दुसरं कारण जोडीला होतं.

आयोगाचा निष्कर्ष असा की बेताने घेतलेल्या गांजा-भांगेने बहुतेकांचं काही बिघडत नाही, अतिरेकाने बिघडतं, आणि अतिरेक करणारे थोडे. बंदी नको, कर आणि परवाने कडक करा. रॉय आणि निहालचंद यांना हे पटलं नाही. दोघांनी वेगळी मतपत्रं जोडली. बहुमताने त्यांचं ऐकलं नाही, तरी मतपत्रं अहवालात छापली गेली, हेही त्या काळाला शोभणारं.

सरकारला महसूल सोडायचा नव्हता, तेव्हा असा निष्कर्ष सोयीचाच होता, अशी शंका तेव्हाही घेतली गेली आणि आजही घेता येते. ती मला बिनबुडाची वाटत नाही. पण रजिस्टरची छाननी महसुलासाठी खोटी केली असं म्हणायला आधार सापडत नाही. कागद एकेक करून तपासल्याचं प्रकरणाच्या पानापानावर दिसतं.

गांजा हे औषध आहे का, हा प्रश्न आयोगाच्या आधीपासूनचा होता. १८३९ साली विल्यम ब्रूक ओशॉनेसी या कलकत्त्याच्या आयरिश डॉक्टरने आधी जनावरांवर आणि मग रुग्णांवर प्रयोग करून एक निबंध वाचला. धनुर्वातात, कॉलऱ्यात, तान्ह्या मुलाच्या आकडीत त्याने गांजाचा अर्क दिला. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या एका रोग्याला त्याने वाचवलं नाही, पण त्याचा शेवट सोपा केला, आणि ‘बरा केला’ असं न लिहिता नेमकं एवढंच लिहिलं. त्याच्यामुळे गांजाचा अर्क विलायतेच्या औषधालयांत पोचला. पुढे ओशॉनेसी तारखात्यात गेला आणि हिंदुस्थानातली पहिली तारयंत्रणा त्यानेच उभारली.

अर्कात एक अडचण होती जी कुणाला सुटत नव्हती. एका बाटलीने रोगी गाढ झोपे, दुसऱ्या बाटलीने काहीच होत नसे. डिंकात नेमकं कोणतं द्रव्य किती, हे मोजता येत नसल्याने डोस ठरत नव्हता. मॉर्फिन अफूतून १९ व्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळं झालं होतं. गांजातलं मुख्य द्रव्य मात्र पुढची शंभरहून अधिक वर्षं हाती लागलं नाही. ते तेलकट, पाण्यात न विरघळणारं आणि एकासारख्या एक अशा अनेक भावंडांत मिसळलेलं. शेवटी इंजेक्शनं आणि मोजूनमापून केलेल्या गोळ्या आल्या आणि गांजाचा अर्क औषधांच्या फडताळातून मागं सरकला.

१९३९ साली दोन पुस्तकं झाली. शेगावात दासगणूंनी ‘श्रीगजाननविजय’ पुरा केला. महाराजांनी समाधी घेऊन (८ सप्टेंबर १९१०) तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. त्याच साली डॉ. रामनाथ चोप्रा आणि जी. एस. चोप्रा यांचा हिंदुस्थानातल्या गांजा-भांगेच्या व्यसनावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. रामनाथ चोप्रांना भारतीय औषधशास्त्राचे जनक म्हणतात. पुढे जम्मूची औषध संशोधन प्रयोगशाळा त्यांच्याच हाताखाली उभी राहिली. तिचं नाव लक्षात ठेवावं, ती पुन्हा भेटणार आहे.

१९४० साली अमेरिकेत रॉजर अ‍ॅडम्स यांनी डिंकातून कॅनाबिडायॉल, म्हणजे सीबीडी, वेगळं केलं. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी नशेचं द्रव्य टीएचसी शुद्ध रूपात मिळवून त्याची रचना सांगितली. शंभर वर्षं अडलेला डोस आता मोजता येऊ लागला. १९८८ साली आपल्या मेंदूच्या पेशींवर टीएचसी जिथे जाऊन बसतं ती जागा सापडली, तिला सीबी-१ म्हणतात. १९९३ मध्ये सीबी-२ सापडली, ती प्रामुख्याने रोगप्रतिकारक पेशींवर असते. मधल्या काळात, १९९२ मध्ये, शरीर स्वतःच तयार करत असलेलं अशाच कामाचं एक द्रव्यही सापडलं.

कॅन्सरशी गाठ पडली ती १९७५ साली. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात उंदरांच्या फुप्फुसातला अर्बुद टीएचसीने मंदावतो असं दिसलं. मग दोन दशकांहून अधिक काळ शांतता. १९९८ मध्ये इटलीत व्हिन्सेन्झो दी मार्झो यांच्या गटाला शरीरातल्या त्या १९९२ च्या द्रव्याने स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबताना दिसली. २००६ साली त्याच गटाने गांजातली वेगवेगळी द्रव्यं एकेक करून तपासली, आणि स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर सगळ्यात जोरकस ठरलं ते नशा न आणणारं सीबीडी.

इथे त्या पेशींविषयी दोन शब्द. प्रयोगशाळेत ज्यांच्यावर हे सगळं चालतं त्यांतली एक प्रसिद्ध पेशीमालिका आहे एमडीए-एमबी-२३१. १९७३ साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात एका ५१ वर्षांच्या बाईच्या छातीत साठलेल्या पाण्यातून ती घेतली, आणि त्या बाईच्या माघारी ती पन्नास वर्षं जगभरच्या काचपात्रांत वाढते आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत डॉक्टर तीन गोष्टी तपासतात: इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारा ग्राहक, प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक आणि एचईआर-२ नावाचं प्रथिन. यांपैकी काही असेल तर त्यावर नेम धरणारी औषधं आहेत. तिन्ही नसतील तर तो ‘ट्रिपल निगेटिव्ह’. तो वेगाने पसरतो, तुलनेने तरुण बायकांत जास्त दिसतो, आणि बराच काळ त्याच्याविरुद्ध केमोथेरपीपलीकडे फारसं काही नव्हतं. ह्यूस्टनच्या बाईच्या पेशी याच जातीच्या. भारतात स्तनाच्या कॅन्सरमध्ये ट्रिपल निगेटिव्हचा वाटा युरोप-अमेरिकेपेक्षा मोठा असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरांना या पेशींमध्ये विशेष रस.

२००७ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया पॅसिफिक मेडिकल सेंटरमध्ये शॉन मॅकअ‍ॅलिस्टर आणि पिएर देप्रे यांनी या पेशींवर सीबीडी टाकलं. आयडी-१ नावाचं एक जनुक जागं असलं की पेशी आजूबाजूच्या ऊतींत घुसू लागतात. सीबीडीने ते जनुक मंदावलं आणि पेशींचं घुसणं कमी झालं. ‘गांजा कॅन्सर बरा करतो’ या आजच्या दाव्यांना मोठा दुजोरा बहुधा इथून मिळाला. तीन वर्षांनी माद्रिदमध्ये मान्युएल गुझमान आणि क्रिस्टिना सांचेझ यांच्या गटाने एचईआर-२ प्रकारची अर्बुदं होणारे उंदीर घेतले आणि टीएचसीने अर्बुदं कमी आणि लहान राहिल्याचं दाखवलं. त्याच गटाने पुढे असंही दाखवलं की एचईआर-२ आणि सीबी-२ पेशीवर एकमेकांना जखडून बसतात, ही जोडी असेल तर रुग्णाचं भवितव्य वाईट असतं, आणि टीएचसी ही जोडी तोडू शकतं. इतक्या सूक्ष्म पातळीवर गोष्ट उलगडते तेव्हा शास्त्रज्ञाला आशा वाटणं साहजिक आहे. मलाही ती वाचताना वाटली.

पण या वहीत दुसऱ्या बाजूची पानंही आहेत, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत ती नेमकी गळतात. २००५ साली अमेरिकेतल्या एका गटाने उंदरांना स्तनाचा कॅन्सर देऊन वर टीएचसी दिलं, तर अर्बुद वाढलं आणि अधिक पसरलं. कारण त्या पेशींवर टीएचसी बसायची जागाच फारशी नव्हती. टीएचसीने दाबली ती उंदराची रोगप्रतिकारशक्ती, आणि अर्बुदाला मोकळं रान मिळालं. माद्रिदचा आणि हा असे दोन निकाल एकमेकांना खोटं पाडत नाहीत. कोणत्या पेशीवर कोणती जागा किती आहे, यावर औषध उपयोगी पडेल की घातक ठरेल ते ठरतं, एवढंच दोन्हींतून कळतं. काचपात्रात पेशींवर सीबीडी ओतणं एक आणि माणसाला पाजणं दुसरं, हाही मुद्दा आहेच. तोंडाने घेतलेल्या सीबीडीचा फारच थोडा भाग रक्तात पोचतो, बाकीचा यकृत फोडून टाकतं. धुरातून टीएचसी लवकर चढतं खरं, पण त्याने आधी मेंदू भरतो. काचपात्रात दिसलेला परिणाम साधण्याइतका डोस चिलमीने देणं कुणाला शक्य नाही.

२००३ च्या सुमारास कॅनडात रिक सिम्प्सन नावाच्या गृहस्थाने घरी काढलेल्या गांजाच्या दाट तेलाने आपला त्वचेचा कॅन्सर गेला असं सांगायला सुरुवात केली. पुढच्या काळात हे तेल त्याच्या नावाने जगभर पसरलं. ज्याचा रोग हटला तो बोलतो. ज्याचा हटला नाही त्याच्याकडून बोलायला कुणी उरत नाही. १८९२ च्या पोलिसी तक्त्यात वेडाचं कारण म्हणून गांजा लिहिणं सोपं होतं, तितकंच आता बरं होण्याचं कारण म्हणून गांजा लिहिणं सोपं झालं आहे. रकाना बदलला, लिहिणाऱ्याची सवय तीच.

आपल्याकडे कायद्याची चाकं उलटी फिरली होती. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली आणि गांजा हळूहळू बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत घेतली. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा अमलात आला. आयोगाने ज्याला परवाना आणि कर एवढंच पुरे म्हटलं होतं, त्याला आता तुरुंग. फुलोऱ्याचा गांजा आणि चरस या कायद्यात आले, पानांची भांग बाहेर राहिली. त्या फटीतून आज आयुर्वेदिक परवान्यावर ‘विजया’ नावाची तेलं विकली जातात. योगायोग असा की त्याच १९८५ साली अमेरिकेत केमोथेरपीच्या उलट्या थांबवण्यासाठी टीएचसीवर आधारलेली दोन औषधं मंजूर झाली. कॅन्सरच्या रुग्णाला कॅनाबिनॉइडचा सिद्ध झालेला उपयोग आहे तो हा: मळमळ, उलट्या, काहींना भूक आणि वेदना यांत दिलासा. अर्बुदावर नाही.

संशोधनासाठी कायद्यात वाट आहे आणि ती पहिल्यांदा वापरली गेली जम्मूत. चोप्रांची ती जुनी प्रयोगशाळा आता सीएसआयआरची भारतीय एकीकृत औषध संस्था झाली आहे. तिला २०१७ साली संशोधनासाठी गांजा लावायचा परवाना मिळाला. सोबत होती २०१३ साली मुंबईत काही तरुणांनी सुरू केलेली बॉम्बे हेम्प कंपनी. तिच्यात रतन टाटांनीही पैसे घातले होते. २०१८ साली जम्मूच्या संस्थेने कॅन्सर, मिरगी आणि सिकल सेल या दुखण्यांवर गांजातल्या द्रव्यांचं काम जाहीर केलं तेव्हा क्लिनिकल चाचण्यांच्या संदर्भात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं नाव घेतलं गेलं. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत घातक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला, आणि भारताचं मत बाजूने पडलं. १८९४ चा अहवाल ज्यांनी वाचला आहे त्यांना या मताचं फारसं आश्चर्य वाटलं नसेल.

टाटा मेमोरियल हे नाव शेगावच्या माणसाला नवं नाही. कुणाच्या घरात गाठ निघाली, अकोल्याच्या किंवा नागपूरच्या डॉक्टरने तुकडा तपासायला पाठवला, की पुढचं वाक्य ‘टाटाला दाखवून या’ हे असतं. रेल्वे तीच, भुसावळमार्गे. १९४१ साली परळला सुरू झालेलं हे रुग्णालय म्हणजे रकाने नीट भरणाऱ्यांचं घर आहे. २०२० च्या जागतिक अंदाजात भारतात वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे १,७८,३६१ नवे रुग्ण धरले होते. असा अंदाज करता येतो तो कॅन्सर नोंदणीमुळे, आणि खेड्यांतली नोंदणी देशात पहिल्यांदा सुरू झाली ती आपल्याच बार्शीला, १९८७ साली. त्याआधी खेड्यातल्या बाईच्या छातीतली गाठ कोणत्याही वहीत नव्हती. लाजेने ती पदराखाली राही आणि बाई गेली की ‘काहीतरी आतलं दुखणं’ म्हणून विषय मिटे.

याच रुग्णालयातल्या डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या दीड लाखाहून अधिक बायकांची वीस वर्षं पाहणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत; त्याने कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. यंत्र नाही, औषध नाही, फक्त शिकवलेले हात. २०२३ मध्ये बडवे यांनी दाखवलं की शस्त्रक्रियेच्या आधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात तीच भूल, टोचली तर पाच वर्षांनी जिवंत राहणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर जातं. १,६०० बायका, कोणाला टोचायचं कोणाला नाही हे चिठ्ठ्यांनी ठरवलेलं.

आणि ट्रिपल निगेटिव्हवर? २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत सॅन अँटोनिओच्या परिषदेत डॉ. सुदीप गुप्ता यांनी टाटातल्या ७२० रुग्णांची चाचणी मांडली. नेहमीच्या केमोथेरपीत कार्बोप्लॅटिन मिसळलं, निम्म्यांना दिलं, निम्म्यांना नाही. पन्नाशीच्या आतल्या बायकांत पाच वर्षांनी रोग न उलटलेल्यांचं प्रमाण ६१.७ वरून ७४.२ टक्क्यांवर गेलं. पन्नाशीपुढच्यांत मात्र काही फरक पडला नाही, आणि तेही त्यांनी तितक्याच ठळकपणे सांगितलं. कार्बोप्लॅटिन १९८० च्या दशकातलं जुनं औषध आहे, कुठल्याही तालुक्याच्या डॉक्टरला माहीत असलेलं आणि परवडणारं.

कॅनाबिनॉइडच्या बाबतीत माणसांवरचं काम मेंदूच्या कॅन्सरमध्ये थोडंफार झालं आहे. गुझमान यांनी २००६ साली नऊ रुग्णांच्या मेंदूत थेट टीएचसी सोडून पाहिलं, आणि २०२१ साली इंग्लंडमध्ये २१ रुग्णांची छोटी चाचणी आशादायक निघाली, इतकी छोटी की ती करणाऱ्यांनीच मोठी चाचणी मागितली. अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की चाचणीबाहेर कॅन्सरवरचा इलाज म्हणून गांजा किंवा त्यातली द्रव्यं देऊ नयेत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये याला आणखी एक कारण आहे. इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या कॅन्सरात पाच-दहा वर्षं घ्यायची टॅमॉक्सिफेनची गोळी यकृतातल्या काही वितंचकांमुळे कामाची होते, आणि सीबीडी त्याच वितंचकांना अडवतं. शेजारणीने दिलेल्या तेलाची बाटली घरात असेल तर ती केसपेपरासोबत डॉक्टरसमोर ठेवावी, लपवू नये. डॉक्टर रागावतील या भीतीने ती कपाटात राहते आणि गोळीचा असर का कमी पडतोय ते कुणालाच कळत नाही.